ड्रिलच्या दिवशी मुलीला घरी ठेवू का?

अमेरिकेत न्यू जर्सीतले मराठी पालक हा प्रश्न मला दर वर्षी विचारतात. ड्रिल म्हणजे शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर वर्ग बंद करून कसं लपायचं, याचा सराव. मुलं त्याला लॉकडाउन म्हणतात. सईच्या आईनेही विचारला, पण निघता निघता, दाराशी उभं राहून. त्या आल्या होत्या वेगळ्याच कारणासाठी. (सई हे नाव खरं नाही. घर ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत.)

सई सात वर्षांची, दुसरीत. पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत यायची. घरी पाऊल टाकलं की दप्तर फेकून बाथरूमकडे धाव. मग लघवीचा जंतुसंसर्ग झाला, औषधाने बरा झाला, पुन्हा झाला. डॉक्टरांच्या तपासण्यांत काहीच निघेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठवलं. मी मुलांच्या मनाच्या तक्रारींवर काम करते. नाशिकहून आलेल्या आजींचं निदान, 'थंडीत पोरं पाणी पीत नाहीत, त्यात काय एवढं!' बाबांना वाटत होतं, शाळेतलं बाथरूम घाण असेल.

पहिल्या भेटीत सई गप्पच होती. पुढच्या वेळी मी तिला वर्गाचा नकाशा काढायला सांगितला. खिडक्या, बाईंचं टेबल, पुस्तकांचं कपाट, आणि एक कोपरा पेन्सिलीने गच्च काळा केलेला. "लॉकडाउन असला की आम्ही इथे बसतो." बाथरूम तिने कागदाच्या पार कडेला काढलं होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "मिस डोअर लॉक करते. कोणी पण नॉक केलं तरी ओपन नाही करायचं. मग मी इकडे असले तर?"

मुलीने नियम नीट ऐकला होता आणि त्यातली फट बरोबर शोधली होती. यावर 'घाबरट आहे' म्हणणं अन्यायाचं आहे. दिवसभर बाथरूमला न जाणं हा तिने काढलेला तोडगा होता.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हापासून अमेरिकेतल्या शाळांत हे सराव वाढत गेले. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका. न्यू जर्सीत शाळा चालू असलेल्या प्रत्येक महिन्यात एक आगीचं ड्रिल आणि एक सुरक्षेचं ड्रिल घ्यावंच लागतं. त्यातलं लॉकडाउन ड्रिल म्हणजे दार लावायचं, दिवे बंद करायचे, कोणाला दिसणार नाही असं बसायचं, आवाज करायचा नाही.

सगळी ड्रिल सारखी नसतात. २०१९ मध्ये इंडियानात एका सरावात शिक्षिकांना गुडघ्यांवर बसवून मागून प्लास्टिकच्या छऱ्यांनी मारलं होतं. असल्या नाटकातून कोणी सुरक्षित होत नाही, माणसं फक्त घाबरतात, हे माझं स्पष्ट मत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये खऱ्या हल्ल्याचा भास निर्माण करणाऱ्या सरावांना विरोध केला. २०२१ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांचा अभ्यास आला. ३३ राज्यांतल्या ११४ शाळांभोवतालच्या लोकांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट त्यांनी ड्रिलच्या आधीचे आणि नंतरचे ९० दिवस तपासल्या. ताण आणि चिंता ४२ टक्क्यांनी, नैराश्याच्या खुणा ३९ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. अभ्यासात एव्हरीटाउन ही बंदूक नियंत्रणासाठी लढणारी संस्था सहभागी होती, आणि पोस्ट म्हणजे आजाराचं निदान नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. तरी माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

न्यू जर्सीने २०२२ मध्ये कायदाच केला. हे ड्रिल आहे, आत्ता धोका नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायचं. खोटं रक्त, बंदुकीचे आवाज नकोत. मुलांना जखमी व्हायची भूमिका द्यायची नाही. आणि ड्रिल झाल्याचं पालकांना त्याच दिवशी कळवायचं.

झाल्यावर कळवायचं, आधी नव्हे. म्हणजे घरी ठेवायचं तर कोणत्या दिवशी? आणि समजा तारीख कळली, सई घरी राहिली, तर तिला काय समजेल? आपल्याला वाटतं तितकंच ते भयंकर आहे, आई-बाबाही घाबरले आहेत. बाथरूमचा प्रश्न तसाच राहील. म्हणून तिच्या आईला मी नको म्हटलं. ज्या मुलाने खरी हिंसा पाहिली आहे, किंवा अचानक बदल, अंधार, गर्दी ज्याला सोसत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी शाळेकडे वेगळी सोय जरूर मागावी.

सईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, शाळेकडे होतं. बाबा म्हणाले, "उगाच कशाला, आपलीच मुलगी नजरेत येईल." आपल्याकडे हे फार! गणितात अर्धा मार्क कापला तर आपण ईमेल करतो, आणि इथे संकोच. शेवटी आईने शाळेच्या समुपदेशकांना लिहिलं. त्यांनी सईला वर्गापासून बाथरूमपर्यंत चालत नेऊन दाखवलं. वाटेत असलीस तर जवळच्या वर्गात शिरायचं. बाथरूममध्ये असलीस तर आतून कडी लावून शांत बसायचं, मोठं माणूस किल्ली घेऊन येईल. ड्रिलच्या दिवशी सकाळी बाई तिला कानात सांगतील, असंही ठरलं. मग आम्ही पायऱ्या पाडल्या. आधी मैत्रिणीबरोबर जायचं, मग एकटीने, पाणी थोडं थोडं वाढवायचं.

घरातलं काम जास्त किचकट होतं. मोठ्या भावाने फोनवर तिला युवाल्डीचे व्हिडिओ दाखवले होते. ते बंद केले. आजी तिच्यासमोरच "असल्या देशात पोरं वाढवायची तरी कशी" म्हणायच्या. आजींना गप्प बसवणं मला पटत नव्हतं, म्हणून त्यांना काम दिलं. शाळेतून आणताना विचारायचं, "आज ड्रिल झालं का गं? शेजारी कोण बसलं होतं?" सई त्यांना भरभरून सांगते.

आई-बाबांनी असले सराव लहानपणी कधी केले नाहीत, त्यामुळे त्यांच्याजवळ सांगायला आठवण नाही. ते म्हणायचे, "असं काही होणारच नाही." मग सराव कशासाठी, हे सात वर्षांच्या मुलीलाही कळतं. त्याऐवजी असं सांगता येतं, "असं फार क्वचित होतं. झालं तर काय करायचं ते मोठ्यांना माहीत आहे. तुला काही विचारायचं असेल तर विचार."

ड्रिलनंतर एखाद-दोन दिवस मूल चिकटून राहिलं तर हरकत नाही. झोप, खाणं, बाथरूम किंवा शाळेत जाणं यातलं काही तीन-चार आठवडे बिघडलेलं राहिलं, तर मात्र कोणाला तरी दाखवा.

सईला पुन्हा संसर्ग झालेला नाही. अजून ती बाथरूमला जाण्याआधी बाईंना विचारते, "आज आहे का?" बाई खरं ते सांगतात. भावाने मात्र परवा मला विचारलं, जिममध्ये असताना लॉकडाउन झाला तर कुठे जायचं? मी म्हटलं, तुझ्याच शाळेला विचार. ईमेल त्याने स्वतः लिहिला.