माजी विद्यार्थ्यांना वर्गात काम द्या

प्रश्न : आमच्या विभागात दर सत्रात तीन-चार माजी विद्यार्थ्यांची व्याख्यानं होतात. हजेरी घेतो म्हणून वर्ग भरतो, पण ‘कुणाला काही विचारायचंय का?’ म्हटलं की सगळे खाली बघतात. काय बदलावं?
— एक अध्यापिका

उत्तर : प्रश्नोत्तरं शेवटी ठेवली की हे होणारच. तासभर नुसतं ऐकलेल्या विद्यार्थ्याने स्वतः काहीच केलेलं नसतं, मग तो विचारणार कशाबद्दल? पाहुण्यांकडे भाषण मागू नका. त्यांच्या कामातला एक पेचाचा प्रसंग मागा, ज्यात दोन-तीन पर्याय होते आणि एक निवडावा लागला. तो एका पानात लिहून घ्या आणि चार दिवस आधी वर्गाला द्या. इथे हमखास एक चूक होते : निवडलेला पर्याय आणि त्याचा परिणामही त्याच पानावर लिहिला जातो. तेवढा भाग काढून ठेवा, नाहीतर वर्गाला विचार करायला काही उरत नाही.

तासाला पहिली 5 मिनिटं पाहुण्यांनी प्रसंग सांगायचा. मग प्रत्येकाने कुणाशी न बोलता आपला पर्याय आणि एक कारण चिठ्ठीवर लिहायचं. त्यानंतर 10 मिनिटं शेजाऱ्याशी वाद, आणि पुन्हा मत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना एरिक माझूर यांनी 1991च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा करावी, हा तिथला आडाखा. आपल्या प्रसंगाला एकच बरोबर उत्तर नसेल, तरी सगळा वर्ग एकाच पर्यायावर आला तर पेच फारच सोपा निघाला असं समजा. अशा वेळी पाहुण्यांनी एक जादा अट तयार ठेवलेली बरी : ‘मुदत निम्मी झाली तर?’

आपण प्रत्यक्षात काय केलं, ते पाहुण्यांनी दुसऱ्या मतानंतरच सांगायचं. तोवर मुलांनी बाजू घेतलेली असते, त्यामुळे प्रश्न आपोआप येतात.

‘यात अभ्यासक्रम मागे पडेल’ असं विभागात कुणी म्हणालं, तर 2014 साली प्रसिद्ध झालेला 225 अभ्यासांचा आढावा दाखवा. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे 34 टक्के होतं. मुलं काही करत शिकतात त्या वर्गांत सुमारे 22.

प्रश्न : प्रत्येक विद्यार्थ्याला एक माजी विद्यार्थी मेंटॉर म्हणून दिला. दोन महिन्यांत बहुतेक जोड्या थंडावल्या.
— एक समन्वयक

उत्तर : ‘काही लागलं तर फोन कर’ एवढ्यावर जोडी टिकत नाही. विद्यार्थ्याला संकोच वाटतो, मेंटॉरला वाटतं त्याला गरज नसेल, आणि दोघंही वाट बघत राहतात. तीनच भेटी ठेवा, प्रत्येकी 30 मिनिटांच्या, आणि तारखा पहिल्याच दिवशी ठरवा. शेवट ठाऊक असला की होकार देणं सोपं जातं. भेटीच्या दोन दिवस आधी विद्यार्थ्याने प्रकल्पाचा कच्चा मसुदा पाठवायचा. मेंटॉरने तो सुधारून द्यायचा नाही. वाचताना कुठे अडखळलो त्या दोन जागांवर खूण करून ‘इथे हा आकडा कुठून आला?’ असं विचारायचं.

वेळ मात्र सांभाळा. गुण दिल्यावर आलेला अभिप्राय कुणी वापरत नाही. अंतिम मसुद्याच्या निदान दहा दिवस आधी तो हातात हवा.

जोड्या लावताना मोठ्या हुद्द्यांच्या मागे लागू नका. मसुद्यासाठी दोन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले चांगले, कारण नवख्याची नेमकी अडचण त्यांना अजून आठवते. वीस वर्षं काम केलेल्यांना ती दिसेनाशी झालेली असते. त्यांना पेचाच्या तासाला बोलवा.

प्रश्न : पदवी घेऊन दोनच वर्षं झाली. देणगी देण्याची ऐपत नाही. विद्यापीठासाठी काय करू शकतो?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : वेळ द्या, पण मोजून. ‘कधीही बोलवा’ असं कळवलं तर सहसा कुणी बोलवत नाही. ज्या विषयाचं काम रोज करता, तो शिकवणाऱ्या शिक्षकांनाच लिहा : ‘या सत्रात तीन मसुदे वाचून देईन, एकूण दोन तास.’ पत्र सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी पोचू द्या. वेळापत्रक लागल्यावर जागा काढणं त्यांनाही अवघड जातं.