बॅकअप निघतो, पण तो रिस्टोअर करून पाहिला का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतील ठेवी आणि कर्जखात्यांचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीवर चालतो. रोज रात्री बॅकअप निघतो व त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर साठवला जातो. ‘आपला डेटा सुरक्षित आहे का?’ असे संचालक मंडळाने लेखी विचारले आहे. काय उत्तर द्यावे?
– पतसंस्थेतील एक कर्मचारी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सध्या तुम्हाला मंडळाला एवढेच खात्रीने लिहिता येईल की, बॅकअपची फाइल रोज तयार होते. त्या फाइलमधून डेटाबेस पुन्हा उभा राहतो की नाही, हे ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष रिस्टोअर केल्याशिवाय, म्हणजे परत उतरवून पाहिल्याशिवाय, कोणीही सांगू शकत नाही. माझ्या मते डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या सगळ्या कामांत हे काम पहिले आहे आणि सर्वाधिक टाळले जाणारेही हेच आहे.

प्रोग्रामरांचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री काय झाले, ते कंपनीनेच सविस्तर जाहीर केले आहे. एक बिघाड दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली आणि सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप कित्येक दिवसांपासून निघतच नव्हता, कारण सर्व्हर पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारे साधन ९.२ चे होते. बॅकअप फसल्याची सूचना देणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. शेवटी चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली, पण त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. एवढ्या जाणत्या मंडळींच्या बाबतीत हे घडू शकते, तर आपण गाफील राहून चालणार नाही.

तुमच्याकडे एक जादा संगणक असेल तर महिन्यातून एकदा, शक्यतो रविवारी, कालच्या रात्रीचा बॅकअप त्याच्यावर रिस्टोअर करा आणि डीबीसीसी चेकडीबी ही आज्ञा चालवा, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत कुठे बिघाड असल्यास तो दिसेल. त्यानंतर कालच्या तारखेची रोजकीर्द आणि तेरीजपत्रक या उतरवलेल्या प्रतीतून काढून शाखेत सही होऊन पडलेल्या कागदाशी ताडून पाहा. पैशापर्यंत आकडे जुळले की, मंडळाला देण्याजोगे उत्तर तुमच्या हाती येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागला तोही लिहून ठेवा, कारण सर्व्हर बंद पडलेल्या सकाळी खिडकीसमोर रांग लागली की व्यवस्थापक तेच विचारतील. रिस्टोअर व्हेरिफायओन्ली या आज्ञेवर मात्र विसंबू नका. फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढेच ती तपासते, आतील डेटाची रचना धड आहे का, हे पाहत नाही. चाचणी झाल्यावर ती प्रत पुसून टाका. सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक कोपऱ्यातल्या संगणकावर पडून राहणे हा वेगळाच धोका आहे.

आता जागेविषयी. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे नागपूरकरांना सांगायला नको. तळमजल्यावरच्या कार्यालयात सर्व्हर आणि त्याला जोडलेला ड्राइव्ह एकत्रच भिजतात. म्हणून मूळ डेटा धरून एकूण तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली किमान एक शहराच्या दुसऱ्या भागात किंवा क्लाउडवर, हा जुना नियम पाळा. बाहेर जाणारी प्रत सांकेतिक करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवा आणि तिचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका.

एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) नसतो, त्यामुळे वेळापत्रक लावणे अवघड वाटते. ओला हॅलेनग्रेन यांच्या देखभालीच्या स्क्रिप्ट मोफत आहेत आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी या आज्ञा चालवणाऱ्या साधनाच्या मदतीने त्या एक्सप्रेसवरही चालवता येतात. बॅकअप, तपासणी आणि इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) देखभाल ही तिन्ही कामे त्यात आहेत.

मंडळालाही तुम्ही उलट एक प्रश्न लेखी विचारावा : किती वेळाच्या नोंदी गेल्या तर संस्थेला चालेल? रात्रीचाच बॅकअप असेल आणि संध्याकाळी पाच वाजता डिस्क गेली, तर दिवसभराचा भरणा पावत्यांवरून पुन्हा नोंदवावा लागेल. ते मान्य नसेल, तर डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर (प्रत्येक बदलाची नोंद लॉग फाइलमध्ये जपून ठेवणाऱ्या पद्धतीवर) न्या, लगेच एक पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यानंतर दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप लावा. मॉडेल बदलून लॉगचा बॅकअप न लावल्यास लॉग फाइल फुगत जाऊन डिस्क भरते, त्यामुळे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करा.

प्रश्न : मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटाबेस प्रशासनाचे वर्ग लावण्याएवढे पैसे नाहीत. फुकटात शिकून नोकरीपर्यंत पोहोचता येईल का?
– एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : नोकरीची हमी कोणीच देऊ शकत नाही, मात्र पैशांअभावी शिकणे अडू नये, अशी परिस्थिती आज नक्की आहे. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून मोफत मिळते. प्रत्यक्ष व्यवसायासाठी ती वापरता येत नाही, शिकण्यासाठी मात्र तिच्यात महागड्या आवृत्तीच्या सगळ्या सोयी आहेत. ओरॅकल डेटाबेसच्या मोफत आवृत्तीला दोन सीपीयू थ्रेड, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटाची मर्यादा आहे, जी सरावाला पुरून उरते. पोस्टग्रेस तर पूर्णपणे मुक्त आहे आणि तिची अधिकृत पुस्तिका हेच तुमचे पाठ्यपुस्तक समजा. आतली यंत्रणा समजून घ्यायची असेल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँडी पाव्लो यांची डेटाबेसवरील व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य आहेत.

नुसती व्याख्याने ऐकून हात बसत नाही. पोस्टग्रेस स्थापित करा, दहा लाख ओळींचा एक तक्ता तयार करा, एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ ही शोधाचा हिशेब दाखवणारी आज्ञा लावून इंडेक्स नसताना आणि असताना शोधाला लागणारा वेळ पाहा. नंतर बॅकअप घ्या, तक्ता मुद्दाम उडवा आणि परत आणा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हे करून पाहिल्याचे वर्णन अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेचे प्रवेश आणि फीचे सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीवर आहे. ते बदलणे आवश्यक आहे का?
– एक लिपिक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : होय. ८.० च्या पाठिंब्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून दीर्घ पाठिंब्याच्या ८.४ आवृत्तीवर जा. तिथे जुन्या पद्धतीचे पासवर्ड प्लगइन (पासवर्ड तपासणारा जोडभाग) मुळातच बंद असते आणि जुनी सॉफ्टवेअरे नेमकी त्यामुळेच जोडणी नाकारल्याचा संदेश देतात. मायएसक्यूएल शेलमधील अपग्रेड तपासणीचे मोफत साधन आधी चालवा, पुरवठादाराकडून लेखी होकार घ्या आणि हे काम जूनच्या प्रवेशांच्या गर्दीत मुळीच काढू नका.

प्रश्न : डेटाबेसच्या क्षेत्रातील माणसे एकमेकांना भेटतात कुठे? पूर्वी एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांच्या ‘पास’ या संघटनेचे नाव ऐकले होते.
– एक वाचक, मिहान, नागपूर

उत्तर : ती संघटना जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. तिचे नाव आणि वार्षिक परिषद रेडगेट कंपनीकडे गेली, तर स्वयंसेवकांनी चालवलेले एसक्यूएल सॅटरडे हे मेळावे स्वतंत्रपणे सुरू राहिले. पोस्टग्रेसवाल्यांसाठी पीजीकॉन्फ इंडिया ही परिषद बंगळुरूला भरते. तिथवर जाणे प्रत्येकाला परवडत नाही, हे खरे आहे. मिहानमध्ये तुमच्याच कामाची माणसे शेजारच्या इमारतीत बसतात. महिन्यातल्या एका शनिवारी चार-पाच जणांनी जमून, कंपनीची गोपनीय माहिती बाजूला ठेवून, प्रत्येकाने त्या महिन्यात सोडवलेली एक अडचण मांडली तरी पुष्कळ शिकायला मिळते. पोस्टग्रेसच्या किरकोळ दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारच्या आसपास येतात. त्या-त्या महिन्याची बैठक त्यानंतरच्या शनिवारी ठेवली, तर चर्चेला विषय आयताच मिळेल.