राउटिंगसाठी आयपीऐवजी थेट मॅक पत्ता का वापरत नाहीत?

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच जगावेगळा मॅक पत्ता मिळतो, मग इंटरनेटवरील आयपी पत्त्यांची दुसरी व्यवस्था कशाला हवी आणि साताऱ्यातील आपल्या महाविद्यालयाच्या प्रकल्पात केवळ मॅक पत्त्यावर राउटिंग, म्हणजे माहितीचा मार्ग ठरवण्याचे काम, करून पाहता येईल का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत शैक्षणिक संस्थांची आणि लहान कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो. हा प्रश्न अनेक अनुभवी तंत्रज्ञही स्वतःला कधी विचारत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

मार्ग काढण्यासाठी पत्ता एकमेव असणे पुरेसे नाही, त्या पत्त्यावरून ठिकाणाचा अंदाज यावा लागतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातील पहिले २४ बिट साधारणपणे आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते आणि उरलेले कंपनी स्वतः भरते. त्यामुळे तो वाचून कार्ड कोणी बनवले हे समजते, पण ते आज कुठे आहे हे समजत नाही. लागोपाठ क्रमांकांच्या दोन कार्डांपैकी एक सांगलीच्या विश्रामबागेत आणि दुसरे ब्राझीलमध्ये असू शकते.

याउलट पिनकोड पाहा. सांगलीचा पिनकोड ४१६४१६ आहे. गुवाहाटीत टपालाची छाननी करणाऱ्याला सांगलीतील गल्ल्या माहीत असण्याची गरज नसते, कारण पहिल्या आकड्यांवरूनच पत्र कोणत्या दिशेला पाठवायचे ते त्याला कळते आणि शेवटच्या आकड्यांचा विचार पत्र इकडे पोहोचल्यावर होतो. आयपी पत्ताही असाच डावीकडून उजवीकडे बारीक होत जातो. पहिले १६ बिट समान असलेले ६५,५३६ पत्ते एकाच सेवादात्याकडे असतील, तर दूरच्या राउटरला त्या सर्वांसाठी मिळून एकच नोंद पुरते. १९९३ साली आलेल्या सीआयडीआर पद्धतीने ही विभागणी कोणत्याही बिटावर करण्याची मोकळीक दिली. म्हणूनच आयपीव्ही४ चे सुमारे ४२९ कोटी पत्ते असूनही इंटरनेटच्या मुख्य राउटरमधील तक्ता दहा लाख नोंदींच्या आसपास राहतो. मॅक पत्त्यांचे असे गट पडत नाहीत. तिथे प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र नोंद ठेवावी लागेल, आणि एखादा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन सांगलीहून साताऱ्याला गेला तरी ती बातमी जगभरातील मुख्य राउटरना कळवावी लागेल.

स्विच, म्हणजे एका परिसरातील उपकरणे जोडणारी पेटी, मॅक पत्त्यावरच चालतो हे खरे आहे, पण त्याची पद्धत छोट्या परिसरापुरतीच योग्य आहे. कोणत्या पोर्टवरून कोणता पत्ता बोलला हे तो लक्षात ठेवतो आणि अनोळखी पत्त्यासाठी आलेली फ्रेम (इथरनेट या तारेवरील पद्धतीतील माहितीचे पुडके) आल्या पोर्टखेरीज सर्व पोर्टांवर सोडतो. त्यातच इथरनेटच्या शीर्षभागात आयुर्मर्यादा सांगणारा रकाना नाही. आयपी पॅकेटमध्ये (आयपीच्या माहितीच्या पुडक्यात) टीटीएल हा तसा रकाना असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि तो शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते, पण वर्तुळात सापडलेली इथरनेट फ्रेम फिरतच राहते. सांगलीतील एका संस्थेत सर्व इमारती एकाच सपाट लॅनमध्ये, म्हणजे मध्ये राउटर नसलेल्या स्थानिक जाळ्यात, जोडलेल्या होत्या. तिथे कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोके एका स्विचमध्ये खोचली आणि प्रवेशप्रक्रियेच्या ऐन गर्दीत ब्रॉडकास्टच्या (सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमच्या) लोंढ्याने संपूर्ण परिसर बंद पडला. अशा वर्तुळांवर उपाय म्हणून संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली. ती वर्तुळ तोडण्यासाठी काही जोडण्या बंद ठेवते. परिणामी पर्यायी फायबर टाकला असला तरी मुख्य मार्ग तुटेपर्यंत तो पडून राहतो. एका कॅम्पसमध्ये हे चालून जाते, पण देशभराच्या जाळ्यात ही उधळपट्टी परवडणारी नाही.

प्रत्यक्षात दोन्ही पत्ते एकाच वेळी काम करत असतात. पॅकेट प्रत्येक टप्प्यावर नव्या फ्रेममध्ये बसते, तेव्हा मॅक पत्ते बदलतात आणि अंतिम आयपी पत्ता मात्र, वाटेत नॅट (आयपी पत्ता बदलणारी सोय) नसेल तर, तोच राहतो. या दोहोंची सांगड घालणारी एआरपी पद्धत १९८२ पासून वापरात आहे. आपल्या संगणकातील एआरपी तक्ता उघडून पाहा. परदेशातील सर्व्हरशी कितीही बोललात तरी त्याचा मॅक पत्ता तिथे सापडणार नाही, तर आपल्या राउटरचा सापडेल. शिवाय सर्वच जोडण्या इथरनेटच्या नसतात, आणि फक्त दोनच टोके जोडणाऱ्या पीपीपी पद्धतीच्या जोडणीला मॅक पत्त्याची गरजच लागत नाही.

आपली कल्पना मात्र निराधार नाही. नॉव्हेल कंपनीच्या आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीमध्ये उपकरणाची ओळख म्हणून मॅक पत्ताच वापरत असत, पण त्याच्या आधी ३२ बिटांचा नेटवर्क क्रमांक जोडावा लागे, कारण ठिकाण सांगणारा भाग कोणीतरी पुरवावाच लागतो. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीमध्येही पत्त्याच्या उत्तरार्धात मॅक पत्ता गुंफण्याची सोय होती. त्यामुळे माणूस कुठेही गेला तरी त्याचा माग काढता येऊ लागला, म्हणून आता तिथे बहुधा यादृच्छिक आकडे वापरतात.

प्रकल्पासाठी माझा सल्ला असा की लिनक्सच्या कर्नलमध्ये २०११ पासून असलेले बॅटमन-अॅडव्हान्स्ड वापरून पाहावे. ते वायरलेस मेश जाळ्यात (जिथे उपकरणे एकमेकांमार्फत माहिती पुढे पाठवतात) खरोखरच मॅक पत्त्यांवरून मार्ग ठरवते. वसतिगृहातील काही जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली टाकून ते बसवता येईल. नोड (जाळ्यातील राउटर) एकेक करून वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी नियंत्रणाच्या संदेशांनी किती बँडविड्थ व्यापली हे मोजून आलेख काढावा. पुढे त्याच नोडांचे दोन सबनेट (आयपी पत्त्यांचे वेगळे गट) करून मध्ये आयपी राउटिंग ठेवावे आणि तीच मोजणी पुन्हा करावी.