राउंडच्या दोन मिनिटांत काय सांगावे?

“डॉक्टर राउंडला येतात, दोन मिनिटे थांबतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात; तेवढ्यात आम्ही काय बोलणार?” क्षयरोग वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करताना ही तक्रार मला सतत ऐकू येते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक अनुभव सांगते.

तिशीतल्या एक बाई, औषधे सुरू होऊन सात आठवडे झाल्यावर, उलट्या आणि अशक्तपणा वाढल्यामुळे दाखल झाल्या होत्या. दोन दिवस गप्प राहिल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, पहिल्या गोळीपासून लघवी नारिंगी होते. रक्तच जात असणार. पण सगळे मास्क लावून लांब उभे असतात, त्यांच्यासमोर हे कसे सांगू?” रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे लघवीला असा रंग येतो आणि त्यात धोका नसतो, हे ऐकून त्यांना रडू आले. मग सहज बोलाव्या तशा त्या म्हणाल्या, की आठवडाभर अक्षरे पुसट दिसतात आणि लाल साडी विटल्यासारखी वाटते. अशक्तपणा असेल, म्हणून डॉक्टरांना त्रास दिला नाही.

मी लगेच सिस्टरांना बोलावले. इथॅम्ब्युटॉल या क्षयरोगाच्याच दुसऱ्या गोळीमुळे क्वचित डोळ्यांच्या नसेला इजा होते आणि रंग फिके दिसणे हे तिचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. म्हणजे ज्याची धास्ती घेतली ते निरुपद्रवी होते आणि जे किरकोळ म्हणून सोडून दिले तेच गंभीर होते. ही निवड रुग्णाने करायचीच नसते. औषधांचे हे परिणाम पहिल्याच दिवशी सोप्या शब्दांत सांगणे आम्हा कर्मचाऱ्यांचे काम होते, असे मला ठामपणे वाटते.

डॉक्टरांनी ती गोळी त्याच संध्याकाळी थांबवून नेत्रतपासणी सांगितली. रात्री त्या बाई आणि मी, आम्ही दोघींनी राउंडसाठी चिठ्ठी लिहिली: नवा त्रास सर्वांत आधी, तो कधीपासून आणि कशाने वाढतो, मग प्रश्न. चारचौघांत बोलण्यासारखे नसेल ते सिस्टरांना सांगून वेगळी वेळ मागायची, हेही ठरले. मास्क आणि अंतर हवेतून पसरणाऱ्या आजारासाठी असते, त्यात तुच्छता नसते, हे मात्र त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

सकाळी त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटचा प्रश्न होता, “चार वर्षांच्या मुलाला जवळ कधी घेऊ?” डॉक्टरांनी थुंकीच्या पुढच्या तपासणीबद्दल समजावले आणि मुलाची तपासणी झाली का, असे विचारले. ती झालीच नव्हती. त्याला क्षयरोग नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले. दुपारी सासूबाई नातवाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आल्या.