बोटं सुजत नाहीत, मग गोळ्या बंद करू का?

प्रश्न: वय 41, तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला, आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तेव्हा सकाळी दीड-दोन तास बोटं वळायचीच नाहीत, कुकरचं झाकण मुलीकडून लावून घ्यायचे. मेथोट्रेक्सेट चालू केल्यावर आता वर्षभर सूज नाही की दुखणं नाही, रिपोर्ट पण नॉर्मल. सासूबाई म्हणतात बरी झालीस की, कशाला ती कॅन्सरवाली गोळी, केस पण गळतायत. शेजारच्या काकू वाताची पुडी देणाऱ्याकडं नेते म्हणतायत. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आपल्या मनानं अजिबात बंद करू नका. मी डॉक्टर नाही, पण हेच दुखणं 17 वर्षं घेऊन फिरतेय. मीपण हा शहाणपणा केलाय, दिवाळीच्या आधी बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली आणि संक्रांतीला लाडू वळायला बसले तर मूठच मिटेना. परत औषध घेतलं, सूज उतरली, पण उजव्या हाताचं मधलं बोट आजही सरळ होत नाही, कारण सांध्यातलं हाड एकदा खाल्लं गेलं की परत भरून येत नाही.

तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत ते गोळीमुळं. याला रेमिशन म्हणतात, आजार गेला असं नाही. डोस हळूहळू कमी करता येतो का हे रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांधेवाताच्या डॉक्टरांना, जरूर विचारा, काहींचा होतो.

कॅन्सरवाली गोळी म्हणाल तर कॅन्सरला डोस कितीतरी मोठा असतो, आपल्याला आठवड्यातून एकदा, फार तर 25 मिलिग्रॅमपर्यंत. पण एकदा म्हणजे एकदाच हं, चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. मी कॅलेंडरवर रविवारी गोल करते. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, आणि लिव्हरची टेस्ट चुकवू नका, फॉलिक ॲसिड घेताय ना तेही बघा.

पुडीचं म्हणाल तर अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉईड सापडतं, म्हणून तर दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला कॉर्टिसोन हे स्टेरॉईड आमवाताच्या पेशंटला पहिल्यांदा दिलं तेव्हा पण पेशंट असेच उठून चालायला लागले, 1950 ला नोबेल मिळालं, आणि मग सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं दिसायला लागली. डॉक्टर देतात ते मोजून देतात, पुडीत किती घातलंय कुणाला माहीत.

केसांचं मात्र डॉक्टरांना सांगा. आपण बायका "कसं आहे?" विचारलं की "बरंय" म्हणून उठतो. आणि पुढच्या वेळी सासूबाईंना बरोबर न्या.