सेलमच्या पोलिसांच्या बाहीवर झाडूवर बसलेली चेटकीण का असते?

अशा बाहीचा फोटो तुम्ही पाहिला असेल तर तो खराच आहे, कुणी करामत केलेली नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनहून लोकलने अर्ध्या तासावर सेलम आहे. तिथल्या पोलिसांच्या दंडावर झाडूस्वार चेटकीण, ‘द विच सिटी’ ही अक्षरं आणि १६२६ असतं. मी ऑक्टोबरात गेलो होतो. टोकदार टोप्या घातलेल्या दोन बायका एका पोलिसाला जरा तिरकं उभं राहायला सांगत होत्या, फोटोत बिल्ला नीट यावा म्हणून. मला वाटलं हाही सोंग काढून आलाय. कमरेचं पिस्तूल दिसलं तेव्हा कळलं.

आपल्याकडे अख्ख्या राज्याच्या पोलिसांना एकच ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. तिकडे गावागावाचं पोलीस खातं वेगळं, पगार गावाच्या तिजोरीतून, म्हणून बिल्लाही गावाच्या पसंतीचा.

१६२६ हे चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे चाललेल्या खटल्यांचं साल नव्हे, गाव वसल्याचं. खटले १६९२-९३ चे. १९ जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. जाळलं कुणालाच नाही. फासावर गेलेली बहुतेक माणसं साधी शेतकरी, घरसंसारातली. मग झाडू आणि टोपी आली कुठून? बाजारातून, असं माझं मत. १८९० च्या सुमारास डॅनियल लो या तिथल्या सराफाने आठवण म्हणून न्यायचा चांदीचा चमचा काढला. दांड्यावर झाडू घेतलेली चेटकीण आणि तीन टाचण्या. तो धडाक्यात खपला आणि गावाला आपल्या बदनामीचा भाव कळला.

गंमत म्हणजे १८३९ साली ठरलेल्या नगराच्या मोहरेवर चेटकीण नाहीच. तिथे छत्री घेतलेला पूर्वेकडचा व्यापारी उभा आहे, कारण सेलम गबर झालं ते सुमात्राच्या मिरीवर. पण मिरीसाठी पर्यटक येत नाहीत.

मला खटकतं ते निराळंच. १६९२ मध्ये या लोकांना फासापर्यंत नेणारा आणि त्यांची मालमत्ता जप्त करणारा माणूस होता शेरीफ जॉर्ज कॉर्विन, म्हणजे आजच्या हिशेबाने पोलीसच. चेटकिणीचं चित्र पोलिसांच्याच बाहीवर चढून कित्येक वर्षं झाली. दोषी ठरलेल्यांपैकी शेवटची, एलिझाबेथ जॉन्सन, मात्र कायद्याने निर्दोष ठरली २०२२ मध्ये. तेही नॉर्थ अँडोव्हर या गावातल्या आठवीच्या पोरांनी पाठपुरावा केला म्हणून.