एनक्लेक्सला बसण्याआधी

प्रिय मुली,

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवण्यासाठीची परीक्षा. तुझा अभ्यास बघता मला पेपरची फारशी काळजी नाही, काळजी आहे ती फॉर्मची. ज्या राज्याचं लायसन्स हवं तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा आणि परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्हीयूई कंपनीकडे २०० डॉलर भरून नोंदणी करायची. बोर्डानं पात्र ठरवलं की ईमेलवर एटीटी येतं, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. तारीख त्यानंतरच मिळते. अमेरिकेबाहेरचं सेंटर घेतलंस तर आणखी १५० डॉलर, वर कर. तुझं शिक्षण अमेरिकेबाहेरचं, त्यामुळे कागदपत्रांच्या तपासणीतच महिने जातील. कॉलेजच्या मागे आत्तापासून लाग.

एटीटीवरचं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळायला हवं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि फॉर्मवर सासरचं, असं झालं तर दारातूनच परत पाठवतात आणि फी बुडते. एटीटीची मुदतही वाढवून मिळत नाही. ती संपली की पुन्हा नोंदणी, पुन्हा पैसे.

आता पेपर. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की जरा सोपा. म्हणून चांगल्या तयारीच्या मुलींनाही निम्मे चुकल्यासारखं वाटत राहतं. तू पासच्या रेषेच्या वर आहेस की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की कॉम्प्युटर थांबतो. ८५ला थांबला म्हणजे पास, शंभरापुढे गेला म्हणजे गेलं, असलं काही नसतं. प्रश्नांचा आकडा बघूच नकोस. मागे जाऊन उत्तर बदलताही येत नाही.

प्रश्न कसे, तर असे: चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाशील? एकजण किडनी स्टोनच्या कळांनी ओरडतोय. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, आजोबांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९० टक्के. एकीला डिस्चार्जची घाई. आणि काल थायरॉइड काढलेली बाई म्हणतेय, ओठांभोवती मुंग्या येताहेत. पाय वळतात ओरडणाऱ्याकडे. पण जायचं त्या बाईकडे. तिचं कॅल्शियम उतरत असणार, आणि स्वरयंत्र आवळलं तर श्वासच अडकेल. आजोबांचं ९० त्यांच्यापुरतं ठीक आहे. कुणाकडे उशिरा गेलो तर जीव जाईल, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचार. ऐकायला क्रूर वाटतं, पण वॉर्डातही आपण हेच करतो.

२०२३पासून केस स्टडीही असतात, एका पेशंटवर सलग सहा प्रश्न. त्यांचा सराव वेगळा कर. ब्रेकमध्ये घड्याळ थांबत नाही, तरी ब्रेक घे.

अधिकृत निकाल बोर्डाकडूनच येतो, कधीकधी काही आठवडे लागतात. मधल्या काळात मैत्रिणी सांगतील, पुन्हा नोंदणी करून बघ, साइटनं अडवलं तर तू पास. या ट्रिकवर परीक्षा घेणारेही विश्वास ठेवू नका म्हणतात. आणि साइटनं नाही अडवलं, तर कार्डावरून २०० डॉलर जातील.

तुझी,
ताई